लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांचे दोष आणि योग्य रुग्णालयाचा शोध



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण राजकारण, इतिहास, अर्थशास्त्र, वाङ्मय अशा व्यापक विषयांवरील विचार ऐकत आला आहात. त्या मानाने माझा आजचा विषय लहान, किंबहुना तान्ह्या मुलाच्या गालावर मावेल इतका लहान वाटण्याचा संभव आहे. परंतु जन्मतः किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत मुलाच्या अंगावर उमटणारी एखादी तांबडी, निळी अथवा जांभळी खूण घरात केवढे काहूर माजवते, हे ज्यांच्या घरी असे मूल आले त्यांनाच विचारावे. कोणी म्हणते, ग्रहणात आईने विळी हाती धरली असेल. कोणी म्हणते, डोहाळे पुरे झाले नाहीत. मग शेजारची एखादी अनुभवी बाई लेप सुचवते, कोणी बिब्बा घालायला सांगते आणि काही ठिकाणी तर तापलेल्या सळईने डाग देण्यापर्यंत मजल जाते. शिकलेल्या घरांत हे होत नाही. पण तेथेही एका डॉक्टरांकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी यात्रा सुरू होते. या यात्रेत जो काळ जातो त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. तो काळ कसा वाचवावा, कोणाचे दार कधी ठोठवावे आणि तेथे गेल्यावर काय विचारावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात मी अनेक वर्षे बसत आलो आहे. तेव्हा पांडित्यापेक्षा उपयोगाकडे माझे लक्ष राहील.

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ. आजाराचे नाव चुकले की औषध चुकते, हे तर उघडच आहे. अंगावरच्या अशा सर्व तांबड्या-निळ्या खुणांना आणि गाठींना डॉक्टर मंडळी फार वर्षे ‘हेमॅन्जिओमा’ हे एकच नाव देत असत. 1982 साली अमेरिकेतील बॉस्टन येथील जॉन मलिकेन आणि ज्युली ग्लोवॅकी या दोन संशोधकांनी या गोंधळात शिस्त आणली. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशी तपासून त्यांनी दाखवून दिले, की येथे दोन निराळी कुळे आहेत. एका कुळात पेशी झपाट्याने वाढतात. ती खरोखरीची गाठ असते. दुसऱ्या कुळात पेशी अशा वाढत नाहीत. तेथे रक्तवाहिन्यांची घडणच मुळात चुकलेली असते. ही चुकलेली घडण मुलाबरोबर जन्माला येते, मुलाच्या वाढीबरोबर वाढते आणि आपण होऊन कधी जात नाही. पुढे या विषयाचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने 1996 साली हीच विभागणी मान्य केली आणि नंतर 2014 व 2018 साली तिच्यात भर घातली.

श्रोतेहो, हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. पहिल्या कुळातील गाठ पुष्कळदा आपोआप विरते, म्हणून ‘थांबा, जाईल’ हा सल्ला तेथे काही अंशी खरा ठरतो. दुसऱ्या कुळातील दोषाला तोच सल्ला दिला, तर आईबाप वर्षानुवर्षे न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत बसतात. अजूनही कागदावर नुसते ‘हेमॅन्जिओमा’ असे लिहिलेले असते आणि आत भलतेच काही निघते. म्हणून हाती आलेल्या कागदावरचे नाव वाचून, यांपैकी कोणते कूळ, हा पहिला प्रश्न आईबापांनी विचारलाच पाहिजे.

आता पहिल्या कुळाकडे वळू. तान्ह्या मुलांतील हेमॅन्जिओमा ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. शंभरांतील सुमारे चार-पाच मुलांना ती होते. मुलींत, अपुऱ्या दिवसांच्या मुलांत आणि कमी वजनाच्या मुलांत तिचे प्रमाण अधिक असते. जन्माच्या वेळी बहुधा काहीच दिसत नाही, किंवा एखादा फिका ठिपका दिसतो. दोन-तीन आठवड्यांत तेथे लाल उंचवटा येतो. पाचव्या ते सातव्या आठवड्यांत तो सर्वांत वेगाने वाढतो, आणि तिसरा महिना संपतो तेव्हा त्याची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. पुढे तो फिका पडू लागतो आणि चार-पाच वर्षांच्या अवधीत बराचसा विरतो. यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानी आली असेल. धोका व्हायचा तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतो आणि आपल्याकडे तज्ज्ञाची भेट बहुधा त्यानंतर होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत धोक्याच्या जागी अशी गाठ असेल तर मूल एक महिन्याचे होण्याच्या सुमारास तज्ज्ञाला दाखवावे असे सांगितले आहे, त्याचे कारण हेच. बाळंतिणीचा सव्वा महिना होईपर्यंत मुलाला उंबऱ्याबाहेर न नेण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती पद्धत ज्या हेतूने पडली तो हेतू चांगला असेल; पण अशा मुलासाठी तिला अपवाद केला पाहिजे.

धोक्याच्या जागा कोणत्या, हेही सांगतो. पापणीवरची गाठ डोळा झाकते, आणि झाकलेल्या डोळ्याला पाहण्याची सवय लागत नाही. पुढे गाठ गेली तरी दृष्टी मंद राहू शकते. ओठ, नाकाचे टोक आणि लंगोटाची जागा येथील गाठीला जखम होते, मूल दूध पिताना रडते, आणि मागे व्रण राहतो. हनुवटी व गळा या दाढीच्या जागेवर लाली पसरली असेल, तर तशीच गाठ आत श्वासनलिकेत असण्याची शक्यता असते. मुलाच्या श्वासाला घरघर येऊ लागली तर क्षणाचाही विलंब करू नये. चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणाऱ्या गाठीबरोबर मेंदूच्या, हृदयाच्या व डोळ्यांच्या रचनेतही कधीकधी दोष आढळतात. कमरेच्या मध्यावर मोठी गाठ असेल, तर तिच्याखालचा मज्जारज्जू तपासावा लागतो. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असतील, तर यकृताची सोनोग्राफी करतात. पाठीवर वा दंडावर एकच लहानशी गाठ असेल, तर मात्र नुसती नजर ठेवणे हाच योग्य उपचार असतो. तेथे औषधाचा हट्ट धरू नये.

या गाठीवरील औषध कसे सापडले, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारावरील व रक्तदाबावरील औषध सर जेम्स ब्लॅक यांनी 1960 नंतरच्या दशकात शोधून काढले. पुढे 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्समधील बोर्दो येथे एका मुलाच्या नाकावर अशीच गाठ होती. तिच्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे त्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाले, म्हणून डॉक्टरांनी हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग उतरला आणि ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ही गोष्ट नजरेआड होऊ दिली नाही. त्यांनी आणखी मुलांत तिचा पडताळा घेतला आणि 2008 साली ती जगासमोर मांडली. 2014 साली अमेरिकेत या उपयोगास अधिकृत मान्यता मिळाली. जुने आणि स्वस्त असे हे औषध आज जगभर वापरले जाते. पण स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे! त्याने मुलाची रक्तातील साखर एकदम उतरू शकते, नाडी मंदावू शकते, छाती भरू शकते. म्हणून ते मुलाला पाजल्यानंतरच द्यावयाचे असते, आणि मूल दूध पीत नसेल किंवा त्याला उलट्या होत असतील, तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारावयाचे असते. आधी हृदयाची तपासणी, वजनावरून डोस आणि आईला नीट समजावून सांगणे या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी होतात तेथेच ते सुरू करावे. कोणाच्या तरी चिठ्ठीवरून दुकानातून गोळी आणून ती घरी कुटून देणे हे धोक्याचे आहे.

याच कुळात एक दुर्मीळ पण भयंकर भावंड आहे. गाठ कठीण, जांभळी, मार लागल्यासारखी दिसते, झपाट्याने फुगते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स ती आपल्यात ओढून घेते. कॅसाबाख आणि मेरिट या दोघा डॉक्टरांनी 1940 साली हा प्रकार प्रथम वर्णिला. अशा मुलाला एक दिवसही घरी ठेवणे योग्य नाही.

दुसऱ्या कुळात चार प्रमुख घराणी आहेत, आणि प्रत्येकाचा वैद्य वेगळा आहे. केशवाहिन्यांचा दोष म्हणजे सपाट, तांबूस-जांभळा डाग. त्यावर विशिष्ट प्रकारच्या लेझरचा उपयोग होतो. रक्तातील लाल द्रव्यच शोषून घेईल असा प्रकाश निवडला तर आजूबाजूची त्वचा न भाजता नेमक्या वाहिन्या बंद करता येतात, हे तत्त्व 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडले. डाग कपाळावर व पापणीवर असेल, तर मात्र आधी डोळ्याचा दाब तपासावा, कारण अशा मुलांत काचबिंदू आणि फिट्स यांचा धोका असतो. लसीकावाहिन्यांचा दोष बहुधा मानेवर किंवा काखेत मऊ फुगवट्याच्या रूपाने दिसतो आणि सर्दी-पडशात तो एकदम वाढतो. शिरांचा दोष निळसर असतो. दाबला की बसतो आणि मूल रडले किंवा वाकले की फुगतो. या दोन्हींत सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई आत घालून वाहिनी आकसवणारे औषध सोडतात, आणि जरूर तेथे शस्त्रक्रिया करतात. चौथा दोष धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडल्या गेल्याने होतो. तेथे हात ठेवला तर ऊब लागते आणि आत धडधड जाणवते. हा सर्वांत बिकट. येथे घाईने चाकू लावला तर रक्त आवरत नाही. पुरवठा करणारी मुख्य धमनी बांधून टाकणे हा वरवर सोपा दिसणारा उपाय तर अधिकच घातक ठरतो. कारण आजूबाजूच्या लहान धमन्या फुगून तिची जागा घेतात, आणि ज्या वाटेने नळी घालून आतून तो दोष बुजवता आला असता ती वाट कायमची बंद होते.

गेल्या काही वर्षांत या दोषांची मुळेही सापडू लागली आहेत. गर्भात पेशींचे विभाजन होत असता एखाद्याच पेशीतील जनुकात अकस्मात बदल होतो आणि त्या पेशीच्या वंशातून तेवढाच भाग वेडावाकडा घडतो. कपाळावरच्या जांभळ्या डागामागचा असा बदल 2013 साली उघडकीस आला. आईने केलेल्या, खाल्लेल्या वा पाहिलेल्या कोणत्याही गोष्टीशी त्याचा संबंध नसतो. काही थोडे प्रकार घराण्यात चालत येतात हे खरे. पण बहुसंख्य प्रकार वारशाने येत नाहीत. या शोधांमुळे औषधेही मिळाली. त्यांतील रॅपामायसिन ऊर्फ सिरोलिमस या औषधाची कथा आपल्याला अभिमान वाटावी अशी आहे. 1964 साली एक कॅनेडियन मोहीम पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर गेली होती आणि तिने तेथील माती आणली. त्या मातीतील जंतूंपासून हे द्रव्य वेगळे काढले ते मॉन्ट्रियल येथील प्रयोगशाळेतील सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी. सेहगल हे बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे विद्यार्थी. ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी हे जंतू घरच्या शीतपेटीत जपून ठेवले, म्हणून पुढे औषध झाले. प्रथम ते मूत्रपिंडाच्या रोपणासाठी वापरले गेले. लसीकावाहिन्यांच्या व शिरांच्या अवघड दोषांत त्याचा गुण येतो, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या सगळ्या विवेचनात किती प्रकारचे तज्ज्ञ आले ते मोजून पाहा. बालरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, बालशल्यविशारद, प्लास्टिक सर्जन, रक्तरोगतज्ज्ञ, आणि सुई-नळीने उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट. यांपैकी कोणीही एकटा पुरा पडत नाही, आणि प्रत्येकाला आपल्या हातातले हत्यारच प्रथम आठवते. म्हणून बॉस्टन, सिनसिनाटी यांसारख्या ठिकाणच्या मुलांच्या रुग्णालयांनी अशी पद्धत पाडली, की हे सर्व तज्ज्ञ एकत्र बसतात, एकाच मुलाचे कागद सर्वांसमोर ठेवतात आणि एकविचाराने उपचार ठरवतात. युरोपात 2017 साली दुर्मीळ आजारांसाठी रुग्णालयांची जाळी उभारली गेली. त्यांतील एक खास रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ आजारांसाठी आहे. शक्य तेथे रुग्णाला हलवण्याऐवजी त्याची माहिती तज्ज्ञांकडे पाठवावयाची, हे त्यांचे सूत्र आहे.

आपल्याला बॉस्टनला जावयाचे नाही. ते बहुतेकांना शक्यही नाही. आपण त्या पद्धतीतले मर्म उचलावे. मुंबईत परळला 1926 साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि 1929 साली सुरू झालेले मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. पुण्यास ससून आहे, नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही नावे मी उदाहरणादाखल घेतो. मोठ्या शिकाऊ रुग्णालयात अनेक विभाग जवळजवळ असतात, आणि एका विभागातील डॉक्टर दुसऱ्याला बोलावू शकतो, हा त्यांचा मोठा गुण. जवळच्या अशा रुग्णालयात प्रथम बालरोग विभागाचा केस पेपर काढावा आणि सरळ विचारावे, ‘असे दोष येथे कोण पाहतात? लहान मुलांवर सुई-नळीचे उपचार येथे होतात का? होत नसतील तर आपण आम्हांला कोठे पाठवाल?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. जो डॉक्टर ‘हे माझ्या हातचे नाही, पण अमुक ठिकाणी चिठ्ठी देतो’ असे म्हणतो, त्याला हात जोडावेत.

निघण्यापूर्वी करावयाच्या तयारीबद्दल चार गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, खुणेची छायाचित्रे. दर आठवड्याला, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर एक छायाचित्र काढावे. खूण जन्मतः होती की नंतर आली, आणि किती दिवसांत किती वाढली, एवढ्यावरून निम्मे निदान होते. दुसरी गोष्ट, सर्व कागद तारखेवारीने एका फायलीत ठेवावेत. सोनोग्राफी अथवा एम. आर. आय. झाला असेल, तर नुसता अहवाल न आणता चित्रेही आणावीत, म्हणजे मुलाला पुन्हा गुंगी द्यावी लागत नाही. तिसरी गोष्ट, प्रश्न लिहून न्यावेत. नेमके नाव काय, आत रक्ताचा वेग जलद की मंद, थांबलो तर काय होईल आणि किती दिवस थांबावयाचे, हे प्रश्न महत्त्वाचे. ‘थांबा’ असे सांगितले असेल, तर पुढची तारीख मागून घ्यावी. तारखेवाचून थांबणे म्हणजे विसरणेच होय. चौथी गोष्ट, नाव निश्चित होईपर्यंत चिरफाड, तुकडा काढणे, जाळणे यांस संमती देऊ नये. मात्र रक्त थांबत नसेल, श्वास अडत असेल, मूल दूध घेत नसेल किंवा डोळा झाकला जात असेल, तर कागदांची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात धाव घ्यावी.

पैशाचा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सोलापूर वा गडचिरोलीकडचा मजूर बाप मुंबईस येतो, तेव्हा उपचारापेक्षा त्याला बुडालेली मजुरी आणि राहण्याची सोय याच गोष्टी अधिक जड जातात. म्हणून रुग्णालयात पोचल्यावर समाजसेवा अधीक्षकांना आणि जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना प्रथम भेटावे आणि कोणता उपचार योजनेत बसतो हे आधी विचारून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. गावच्या आशाताईंनी तान्ह्या मुलाच्या अंगावरची वाढती लाल खूण पाहून त्याच आठवड्यात पुढे कळवले, तर शहरातल्या तज्ज्ञाचे अर्धे काम तेथेच झाले असे समजावे. ज्या जिल्ह्यात हा तज्ज्ञ नाही, तेथून छायाचित्रे पाठवून दूरध्वनीवर वैद्यकीय सल्ला घेण्याची सोय आता करता येते. ती सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून नियमाने व्हावी, आणि राज्यातील दोन-तीन मोठ्या रुग्णालयांत सर्व तज्ज्ञांनी अशी मुले एकत्र बसून पाहण्याचा वार ठरवून तो सर्वत्र जाहीर करावा, अशी मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. असलेल्या माणसांनी ठरलेल्या दिवशी एका टेबलाशी बसावे लागते.

शेवटी एक गोष्ट आपणा सर्वांच्या हातची आहे. वैद्यकशास्त्राने पुष्कळ प्रगती केली असली, तरी यांतील काही दोष पूर्ण बरे होत नाहीत. ते आयुष्यभर सांभाळावे लागतात. अशा मुलाला शाळेत शेवटच्या बाकावर बसवू नये. लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत ठेवू नये. त्याच्या आईला ग्रहणाचा हिशेब विचारू नये. गालावर डाग असलेले मूल आपल्या आळीत खेळताना दिसले, तर त्याच्या डागाकडे टक लावून न पाहता त्याचे नाव विचारावे, आणि ते अगदी तान्हे असेल तर त्याच्या आईला एवढेच म्हणावे, ‘बाई, महिना भरायच्या आत एकदा दाखवून या, यावर आता इलाज आहे.’ आज येथे जमलेल्यांपैकी दहा जणांनी जरी हे वाक्य योग्य वेळी योग्य घरी पोचवले, तरी एखाद्या मुलाचा डोळा वाचेल, आणि माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.